फक्त कुलूप पुसायचं होतं

मागच्या महिन्यात जालन्याला आत्याकडे साखरपुड्याला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर मंडळी गच्चीवर पान खात बसली आणि दादाच्या (म्हणजे माझ्या आतेभावाच्या) मशीनचा विषय निघालाच. आमचे एक जवळचे नातेवाईक सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी चारचौघांत मला ऐकवलं, "तू जे करायला निघाला होतास ना, त्याला साध्या मराठीत चोरी म्हणतात." मी गप्प बसलो. साखरपुडा होता, आणि आत्या माझ्याकडेच बघत होती. पण इथे गप्प बसायचं काही कारण नाही. ते हे वाचतात हे मला माहीत आहे, तेव्हा काका, हे तुमच्यासाठीच.

आधी झालं काय ते सांगतो, कारण अर्ध्या नातेवाइकांना अर्धंच कळलंय.

दादाचं एमआयडीसीत डाळ पॅकिंगचं छोटं युनिट आहे. २०११ साली त्याने कर्ज काढून एक पॅकिंग मशीन घेतलं. वर हॉपर, खाली लोडसेल, पाकीट चिकटवणारे गरम जबडे, आणि बाजूच्या डब्यात एक कंट्रोल कार्ड. कार्डावर चाळीस पायांचा एक मायक्रोकंट्रोलर, पीआयसी १८एफ घराण्यातला. किती डाळ सोडायची, कधी थांबायचं, जबडा किती वेळ दाबून धरायचा, सगळं त्या चिपमध्ये. अकरा वर्षं मशीन निमूट चाललं. २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री वीज आली-गेली-आली, आणि सकाळी जबडे हलेनात. चिप मेली नव्हती. डिस्प्ले लागत होता, वजन दाखवत होता. फक्त बाहेर हुकूम सोडणारे तीन-चार पाय जळले होते. तशीच कोरी चिप तेव्हा चारशे रुपयांच्या आत मिळत होती. जुन्यातला प्रोग्राम नव्या चिपमध्ये उतरवला की काम झालं.

मी पुण्याहून प्रोग्रामर (यंत्र, माणूस नव्हे) घेऊन गेलो, चिप लावली, वाचायची आज्ञा दिली. शून्य. पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत नुसती शून्यं. कारखान्यातून निघताना चिपला कुलूप घातलेलं होतं. त्याला कोड प्रोटेक्ट म्हणतात. चिप आतल्या आत स्वतःचा प्रोग्राम वाचते आणि चालवते, बाहेरच्याने विचारलं की शून्यं दाखवते.

मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. खटपट करून मालकांच्या घरच्यांचा फोन मिळवला. ते सज्जनपणे बोलले, पण त्यांच्याकडेही प्रोग्राम नव्हता. ज्याने लिहिला तो सोडून गेला, तो कॉम्प्युटर भंगारात गेला. "नवीन मशीन घ्या," म्हणाले. म्हणजे जगात त्या प्रोग्रामची एकच प्रत उरली होती, ती दादाच्या स्वतःच्या मशीनमध्ये, दादाने पैसे मोजून घेतलेली, आणि ती दादाला दिसू नये म्हणून कुलपात ठेवलेली. कुलूप घालणारा निघून गेला होता, किल्ली मुळात नव्हतीच.

बरं, कुलूप काढता येतं का? येतं. सरळ मार्ग आहे. पूर्ण चिप पुसायची आज्ञा द्या, कुलूप जातं, आणि त्याबरोबर प्रोग्रामही जातो. म्हणजे घराचं कुलूप तोडायला परवानगी आहे, पण तोडल्याबरोबर घर पाडलं जाईल.

आता जरा मागे जातो. नव्या जालन्यात सदर बाजाराकडे माझ्या सख्ख्या काकांचं दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात एमआयडीसीतल्या रोलिंग मिलची, जिनिंगची, डाळ मिलची कार्डं तिथे यायची. त्या काळच्या कार्डांवर ईप्रॉम असायची, २७सी२५६ वगैरे, ३२ किलोबाइटची. तिच्या पाठीवर काचेसारखी गोल खिडकी. काच नव्हे, क्वार्ट्झ, कारण साध्या काचेतून तो प्रकाश नीट जात नाही. खिडकीतून आतला चांदीसारखा तुकडा दिसायचा. मी लहानपणी ते भिंगातून बघत बसायचो.

प्रोग्राम पुसायचा तर त्या खिडकीवर अतिनील प्रकाश पाडायचा. काकांनी त्यासाठी लाकडी पेटी केली होती. आत पाण्याच्या फिल्टरमध्ये जंतू मारायला असते तीच नळी, २५४ नॅनोमीटरची. झाकण उघडलं की नळी विझली पाहिजे म्हणून झाकणाला फ्रीजच्या दारातलं बटण लावलेलं, कारण तो उजेड डोळ्यांचं नुकसान करतो. पंधरा-वीस मिनिटं लागायची आणि काका ती विविध भारतीवरच्या गाण्यांत मोजायचे, चार गाणी कच्ची, पाच पक्की. डेटाशीटमध्ये असंही लिहिलेलं असे की खिडकी उघडी ठेवली तर थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तीनेक वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. काकांनी एका एप्रिलमध्ये गच्चीवर पापडांशेजारी एक चिप ठेवून खात्री करून घेतली. सहाव्या दिवशी कोरी. जालन्याचं ऊन आहे शेवटी! म्हणून प्रत्येक चिपच्या खिडकीवर सिगरेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायची, ही दुकानातली पहिली शिस्त.

दुसरी शिस्त जास्त महत्त्वाची. टेबलावर आलेली कुठलीही ईप्रॉम आधी वाचून तिची प्रत करायची, दुरुस्ती नंतर. प्रती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कापसावर टोचून ठेवलेल्या, वर मिलचं नाव आणि तारीख. रात्री-अपरात्री मिलचा माणूस लुनावरून यायचा, काका डबा उघडायचे, तासाभरात मिल सुरू. दोनशेच्या वर चिपा असतील त्यात. त्या डब्याला कोणी चोरीचा माल म्हटलं नाही. उलट मिलवाले दिवाळीला मिठाई पाठवायचे. गच्चीवर पान खाणाऱ्या त्या नातेवाइकांनीही ती खाल्लेली आहे.

आता चिपेच्या पोटात काय होतं ते थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कप्पा, चारी बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडमध्ये बंद. त्यात वाढीव व्होल्टेजने इलेक्ट्रॉन ढकलले की ते अडकून पडतात, वीज गेली तरी वर्षानुवर्षं तिथेच. इलेक्ट्रॉन आहेत तर ०, नाहीत तर १. अतिनील किरणांच्या एकेका कणात इतकी ताकद असते की अडकलेला इलेक्ट्रॉन भिंत ओलांडून निघून जातो. कप्पा रिकामा, सगळीकडे १. डोव्ह फ्रोमन नावाच्या इंजिनिअरने इंटेलमध्ये ही युक्ती शोधली आणि १९७१ साली १७०२ ही पहिली ईप्रॉम बाजारात आली. सगळी मिळून २,०४८ बिट. पुढे खिडकी गेली, विजेने पुसता येणारी फ्लॅश आली, चिप काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद झाली. पण कप्पा तसाच राहिला.

आणि गंमत अशी की कुलूप म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हे. तोही तसलाच एक कप्पा. त्यात इलेक्ट्रॉन असले की कुलूप लागलेलं, नसले की उघडं. कंपन्यांचा भरवसा एवढ्यावरच की प्रकाश काही निवड करत नाही. प्रोग्रामवर पडेल तसाच कुलपावर पडेल, आणि कुलूप उघडेपर्यंत प्रोग्रामही पुसलेला असेल. शिवाय कुलपाच्या कप्प्यांवर धातूचं छप्पर, म्हणजे त्यांच्यापर्यंत उजेड जायलाच नको.

२००७ साली अँड्र्यू हुआंग नावाच्या अमेरिकन माणसाने (बनी या टोपणनावाने तो ओळखला जातो) हा भरवसा मोडून दाखवला. त्याची चिप होती पीआयसी १८एफ१३२०, म्हणजे दादाच्या चिपचीच धाकटी बहीण. वरचं प्लॅस्टिक उतरवून चिप उघडी केली. प्रोग्रामच्या भागावर इलेक्ट्रिशियन वापरतात त्या काळ्या टेपचा बारीकसा तुकडा चिकटवला. आणि चिप तिरकी धरली. तिरकी का? सरळ प्रकाश छपरावर अडतो, पण तिरका प्रकाश छपराच्या कडेने आत शिरतो आणि वरचा धातू नि खालचं सिलिकॉन यांच्यात आपटत कुलपापर्यंत पोचतो. कुलूप पुसलं गेलं, प्रोग्राम टेपखाली सुखरूप. इतकं सोपं. मला तर हे वाचून काकांची सिगरेटची चांदीच आठवली. ते पुसू नये ते झाकायचे, याने जे राखायचं ते झाकलं. कल्पना तीच.

तर हे करायला मी निघालो होतो. याला चोरी म्हणतात, असं म्हणणं आहे.

कुणाची चोरी? कायदा काय म्हणतो ते बघू, कारण नातेवाइकांनी "कॉपीराइट" हा शब्द वापरला होता. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत रीतसर आहे, तो ज्या कामासाठी ती मिळाली त्या कामासाठी तिची प्रत करू शकतो, आणि हरवणं, नष्ट होणं, बिघडणं यापासून तात्पुरता बचाव म्हणून राखीव प्रतही ठेवू शकतो. म्हणजे काकांचा बिस्किटाचा डबा कायद्याने चोरीचा ठरत नाही. २०१२ साली ६५अ कलम आलं, तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. भीती दाखवायला पुष्कळ जण एवढंच सांगतात. पण त्याच कलमात अट आहे की हक्क बुडवण्याच्या हेतूने तोडलं तर गुन्हा. कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी तोडलं तर नाही. मी वकील नाही, पण वाचता येतं. दादा दुसरं मशीन बनवून विकणार नव्हता. त्याला स्वतःचंच मशीन चालवायचं होतं.

म्हणजे बघा, कायदा म्हणतो प्रत ठेव, आणि चिप म्हणते ठेवू देणार नाही. या दोघांत चिपेचं खरं मानायचं, आणि जो कायद्याचं मानेल तो चोर. हा उलटा न्याय मला मान्य नाही.

"पण मग प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मेहनतीचं काय?" हा प्रश्न मला विचारतात तेव्हा हसू येतं, कारण मी स्वतः पोटासाठी तेच लिहितो. माझ्या मेहनतीचे पैसे मशीनच्या किमतीत वसूल झालेले असतात. मी लिहिलेलं कोणी उचलून दुसऱ्या मशीनमध्ये घालून विकलं तर मी कोर्टात जाईन, जरूर जाईन. पण ज्याने विकत घेतलं त्याचं मशीन माझी कंपनी बुडाल्यावरही चालावं, यात माझं काय जातं?

आणि हे जालनेकरांना मी समजावून सांगायचं? जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. वाण तयार करणाऱ्याची मेहनत आणि पेरणाऱ्याचा हक्क हा झगडा या गावाने जवळून पाहिलाय. २००१ साली त्यावर केंद्राने कायदा केला. वाण काढणाऱ्याला त्याचा हक्क दिला, आणि त्याच कायद्यात शेतकऱ्यालाही सांगितलं की तुझ्या शेतातलं बी तू राखून ठेव, पुन्हा पेर, दुसऱ्याला दे, वीकही, फक्त कंपनीच्या ब्रँडखाली विकू नकोस. दोघांचे हक्क एका कागदावर बसले. बियाण्यात जे जमलं ते डाळ भरायच्या मशीनच्या प्रोग्राममध्ये का जमू नये? संकरित बियाणं पुन्हा पेरलं तर तसंच पीक येत नाही हे खरं, तिथे कुलूप निसर्गाने घातलंय. चिपेतलं कुलूप मात्र एका माणसाने एका खिडकीत टिचकी मारून घातलेलं असतं, बहुतेक वेळा फारसा विचारही न करता. मी स्वतः मारलेली आहे, म्हणून सांगतो.

आता दुसरी बाजू. ती आहेच, आणि मी ती टाळत नाही. काही चिपा कुलपातच राहिल्या पाहिजेत. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांनी आपल्या महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर छापे घातले, ते चिपेत फेरफार करून माप कमी देण्याच्या तक्रारींवरूनच. पंपाची चिप, विजेचं मीटर, ट्रकचा वजनकाटा, तिथे मशीनच्या मालकाखेरीज समोर एक तिसरा माणूस उभा असतो, त्याची फसवणूक होऊ शकते. तिथे कुलूप घाला, सील लावा, वैधमापनवाले येऊन तपासू देत. (गच्चीवर मामांनी लगेच ईव्हीएम काढलं. मामा, तो विषय वेगळा. पण त्यातलं एक ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मतमोजणीनंतर यंत्रांची मेमरी तपासायची सोय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ च्या निकालात करून दिली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाला सांगितलं की तपासताना त्यातला डेटा पुसू नका, नवा भरू नका. म्हणजे काय पुसायचं आणि काय राखायचं हा प्रश्न न्यायालयालाही किरकोळ वाटत नाही.) दादाच्या मशीनचं पाकीट शेवटी शिक्का मारलेल्या काट्यावर तपासून मगच बाहेर जातं. चिपेचं कुलूप तिथे गिऱ्हाइकाचं रक्षण करत नव्हतं. ते कुणाचंच रक्षण करत नव्हतं.

सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं. मी आनंदाने उघडलं. चार क्षेत्रं: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं. डाळ भरायचं मशीन यातलं कशातच बसत नाही. शिवाय बंद पडलेल्या कंपनीकडून सुटे भाग कोणत्या पोर्टलवर मागणार? असो.

मग मी केलं काय? तर नातेवाईक समजतात तेवढंसुद्धा केलं नाही. प्लॅस्टिक उतरवायला धूर सुटणारं नायट्रिक ॲसिड लागतं, तेही गरम. दादा म्हणाला सराफाकडून तेजाब आणू. मी हात जोडले. ते ॲसिड वेगळं आणि त्याचा तपकिरी धूर फुफ्फुसं जाळतो. पुण्यात एका मित्राच्या ओळखीने एका प्रयोगशाळेत धूर ओढणारं कपाट वापरायला मिळालं. कोऱ्या चिपा आणून त्यांत मुद्दाम माहितीतला प्रोग्राम भरला, कुलूप घातलं आणि सराव सुरू केला. पहिली ॲसिडमध्येच गेली. दुसरीच्या सोन्याच्या तारा तुटल्या. तिसरीत टेप सरकली. चौथीत कुलूप उघडलं! मी ओरडलोच. पण वाचून बघितलं तर प्रोग्रामचा तिसरा हिस्सा १ झालेला, प्रकाश टेपखाली शिरला होता. हुआंगचा हात आणि माझा हात यांत फरक आहे. दादाची चिप एकच होती. ती तिरकी धरायची माझी हिंमत झाली नाही, आणि मी ती त्याला परत नेऊन दिली.

तेव्हा आश्विन सुरू होता. हरभरा डाळीचा, म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा माल, दारात उभा. दादाने आठ बायका हाताने भरायला बसवल्या, पण हाताने भरून दुसऱ्यांच्या भावात बसत नाही. दिवाळीनंतर त्यातल्या पाच जणींना त्याने घरी पाठवलं. एक तर आत्याच्या शेजारची, नवरा नाही, दोन मुली. तिला सांगायला दादा स्वतः गेला नाही, आत्याला पाठवलं. मी ते त्याला अजून बोलून दाखवलेलं नाही, आज लिहिलं. चारशे रुपयांच्या चिपेतल्या एका बिटासाठी हे झालं.

शेवटी प्रोग्राम मी नव्याने लिहिला. चार महिने, संध्याकाळी आणि शनिवार-रविवार. कुठल्या पायावर काय जोडलंय ते कार्डावरच्या तांब्याच्या रेघांवरून काढलं. पण वेळांचं गणित जमेना, पाकिटं वीस-वीस ग्रॅम जास्त भरायची. ते कोडं सोडवलं त्या शेजारच्याच बाईंनी. त्यांना विचारायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊ, आधी धबधब पडायची, मग जरा थांबून शेवटची टिपटिप पडायची." म्हणजे दोन टप्पे! आधी मोठी झडप, मग थांबून बारीक. मूळ प्रोग्रामचा तेवढा भाग त्यांच्या कानात शाबूत होता. २०२३ च्या उन्हाळ्यात मशीन सुरू झालं. आता त्याच ते चालवतात.

नवी चिप भरताना सॉफ्टवेअरमध्ये तो चौकोन समोर आलाच, कोड प्रोटेक्ट, टिचकी मारायची की नाही. दादा मागे उभा होता, म्हणाला, "लावून टाक, कोणी चोरेल." घ्या! मी तो रिकामा ठेवला आणि त्यावरून आमचं भांडण झालं ते झालंच. एक प्रत चिपेवर करून काकांच्या डब्यात टोचून ठेवलीय. दुसरी माझ्याकडे फाइल आहे, नकाशासकट. कंपनी बंद पडण्याआधी तिने अशी मशीनं आणखी पुष्कळांना विकली असणार, मराठवाड्यात तरी नक्की. कोणाकडे तसलं बंद मशीन धूळ खात पडलं असेल तर कळवा, फाइल पाठवतो. मात्र हॉपरखाली दोन लोडसेल असतील तर वजनाचे आकडे पुन्हा जुळवावे लागतील, आणि जबड्याचा वेळ मी आमच्या पाकिटाच्या जाडीसाठी ठेवलाय, तो तुमचा तुम्ही बघा.